‘कुंकू’वर शिक्का मारणाऱ्या महोदयांस अनावृत पत्र

जर्सी सिटी, न्यू जर्सी

प्रति,
जुन्या मराठी चित्रपटांच्या डिस्क काढून त्यावर स्वतःच्या कंपनीचा शिक्का उमटवणारे महोदय यांस,

सा. न. वि. वि.

आपलं नाव मला पाठ आहे. प्रत्येक चित्रपटाच्या उजव्या कोपऱ्यात, पहिल्या पाटीपासून ‘समाप्त’पर्यंत, ते आपण मला दाखवलेलं आहे. दिग्दर्शकाचं नाव चार सेकंद, आपलं अडीच तास. तरीही ते इथे लिहीत नाही. इतकी जाहिरात आपण स्वखर्चाने, किंवा खरं सांगायचं तर माझ्या खर्चाने, केल्यावर वर माझी भर कशाला?

पत्रास कारण की, घरातल्या एका भिंतीला अभिजात चित्रपटांचं कपाट करायचं मी मनावर घेतलं. अमेरिकेत हा नाद तसा सोपा आहे. क्रायटेरियन नावाची एक कंपनी 1984 पासून हेच करते: जुन्या चित्रपटाची मिळेल तितकी चांगली प्रत शोधायची, ती साफ करायची, मूळ चौकट होती तशी ठेवायची, सबटायटल्स द्यायची आणि सोबत जाणत्या माणसाचा लेख घालायचा. पैसे भरपूर घेतात, पण घेतल्यासारखं काहीतरी देतात. कुरोसावा आले, बर्गमन आले, सत्यजित राय आले. त्यांच्या शेजारी मराठीचा एक खण हवा, हे ओघानंच आलं. यादी एका संध्याकाळीच झाली. चित्रपट मिळवायला निघाले तेव्हा आपली ओळख झाली.

यादीत सगळ्यात वर ‘कुंकू’, 1937 सालचा. व्ही. शांतारामांनी त्यात पार्श्वसंगीत वापरलंच नाही. जे ऐकू येतं ते त्या घरातलं आणि दारावरून जाणाऱ्या रस्त्यावरचं. भिंतीवरचं घड्याळ तर एक पात्रच आहे. म्हाताऱ्या काकासाहेबांचं वय ते मोजत बसतं. बोलपट येऊन जेमतेम सहा वर्षं झालेली, सगळा देश पडद्यावर गाण्यांची आतषबाजी करत असताना पुण्यात एक माणूस शांततेवर विश्वास ठेवतो, हे धाडस आजही थक्क करतं. आपल्याला मात्र ती शांतता सोसवली नाही. तिथे आपण मधूनमधून कंपनीची धून पेरलीत, आणि कोपऱ्यात घड्याळ आलं की नेमका त्याच्यावर आपला शिक्का. काकासाहेब झालेले केशवराव दाते घड्याळाकडे रोखून बघतात तेव्हा ते आपला दूरध्वनी क्रमांक वाचताहेत असंच वाटतं.

त्याच ‘कुंकू’त शांता आपटे एक इंग्रजी कविता गातात, ती अमेरिकन कवी लाँगफेलोची आहे. एकेकाळी इथल्या शाळांमध्ये पोरांकडून ती पाठ करून घेत. जरठाशी लग्न लावून दिलेली एक मराठी मुलगी 1937 साली अमेरिकन कवितेतून बळ गोळा करते, हे मला माझ्या इथे जन्मलेल्या मुलांना दाखवायचं होतं. एवढ्या एका जागेसाठी तो चित्रपट त्यांनी पुढे पाहिला असता. आपल्या डिस्कवर त्या जागी चित्र चक्क उडी मारतं आणि पलीकडच्या प्रसंगात जाऊन पडतं. डिस्कमध्ये जागा कमी पडली म्हणावी, तर शेवटी आपल्या इतर डिस्कांच्या जाहिराती सविस्तर आहेत.

आता आपली बाकीची कामगिरी.

‘संत तुकाराम’: दामले-फत्तेलाल, 1936, पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवलेला. जुन्या चित्रपटाची चौकट जवळपास चौकोनी असते. आजचा टीव्ही आडवा, म्हणून आपण चित्र दोन्ही बाजूंनी ताणलंत. विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा अंगानं असे भरले आहेत की दुष्काळात दिवाळं निघालेला हाच का वाणी, अशी शंका यावी. विमानही रुंद झालं. तेवढीच सोय झाली म्हणायची, जिजाईलाही जागा झाली असती.

‘शेजारी’, 1941. पाकिटावर मराठी नाव, मराठी श्रेयनामावली, आत हिंदी ‘पडोसी’. प्रभात दोन्ही भाषांत चित्रपट काढायची, हे मला मान्य. पण मी केशवराव दात्यांची वाट पाहत बसले आणि समोर आले मझहर खान. काम त्यांचंही उत्तम आहे, माझी तक्रार त्यांच्याविषयी नाही.

‘ब्रह्मचारी’, 1938. मास्टर विनायक आणि अत्रे. पाकिटावर मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात, पूर्ण पानभर. तिथे मात्र शिक्का आपण अदबीनं पायाशी ठेवलात. म्हणजे चित्र झाकू नये हे आपल्याला कळतं, असा याचा अर्थ मी घेते.

‘सांगत्ये ऐका’. अनंत माने, हंसा वाडकर, वसंत पवारांचं संगीत. पुण्यात विजयानंदला शंभर आठवड्यांच्या वर चालला. त्याच्या डिस्कमध्ये लावण्या अर्ध्यावर तुटतात, कारण ‘सदाबहार लावण्या’ नावाची आपली दुसरी डिस्क आहे, ती विकायची असते. तमाशापट आणि तमाशा असे दोन्ही वेगवेगळे विकण्याची ही युक्ती तंबूवाल्यांनाही सुचली नव्हती.

आणि ‘सामना’. तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, निळू फुले समोरासमोर डॉ. लागू. व्हीसीडीवर सव्वा तासाच्या आसपासच मावतं, त्यामुळे चित्रपट दोन डिस्कांत. पाकीट उघडलं तर दोन्ही डिस्क पहिल्याच. मास्तर मारुती कांबळेचा पत्ता विचारत राहतात आणि मी दुसऱ्या डिस्कचा.

हे सगळं मी विकत घेतलं ते इथल्या न्यूअर्क अ‍ॅव्हेन्यूवर, जर्नल स्क्वेअरजवळच्या ज्या पट्ट्याला आता इंडिया स्क्वेअर म्हणतात तिथे. एकेकाळी तिथे मिठाईच्या आणि साड्यांच्या दुकानांच्या मधे कॅसेटची दुकानं होती. हिंदीला भिंत, गुजरातीला कपाट, तेलुगूला रॅक, आणि मराठीला गल्ल्याखालचा पुठ्ठ्याचा खोका. दुकानदाराचा दोष नाही. खोक्यात भरण्याजोगं त्याला आपण दिलं काय? त्यातल्या डीव्हीडी बऱ्याचदा पाल पद्धतीच्या, म्हणजे तेव्हाच्या अमेरिकन टीव्हीला चालायच्या नाहीत. नवं यंत्र आणून चालवल्या, तर सेकंदाला 24 चौकटींचा चित्रपट 25 च्या चालीनं पळतो. दोन तासांतली जवळजवळ पाच मिनिटं वाचतात आणि गाणाऱ्याची पट्टी चढते. सबटायटल्सचा प्रश्नच नव्हता. परदेशात राहणाऱ्यांची मुलं, शेजारी, सुना, जावई यांनी मराठी चित्रपट पाहावा ही कल्पनाच आपल्याला हास्यास्पद वाटली असणार.

आपण म्हणाल, बाई, जुनं ते सगळं जळून गेलं, आम्ही तरी काय करणार? जळण्याबद्दल मलाही थोडं माहीत आहे. नायट्रेटची फिल्म एकदा पेटली की पाण्याखालीही जळत राहते, कारण लागणारा प्राणवायू तिच्याच पोटात असतो. माझ्या घरापासून गाडीनं अर्ध्या तासावर लिटल फेरी नावाचं गाव आहे. 9 जुलै 1937 रोजी, उन्हाच्या कहरात, तिथलं फॉक्स कंपनीचं गोदाम पेटलं आणि त्या कंपनीचे बहुतेक सगळे मूकपट एका दिवसात संपले. ‘कुंकू’ आला तेच हे वर्ष. आपल्याकडे 1948 साली गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ जळाला. जानेवारी 2003 मध्ये पुण्यात, प्रभातच्याच जुन्या आवारात, नायट्रेटच्या गोदामाला आग लागली आणि प्रभातची मूळ रिळं त्यात गेली. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, त्यातले तीसही हाताला लागत नाहीत. बाबूराव पेंटरांचा 1925 चा ‘सावकारी पाश’, ज्यात तरुण शांताराम शेतकरी झाले होते, तो माझ्या यादीत आहे, पण त्याच्यासाठी कपाटात फक्त रिकामी जागा सोडता येते.

तेव्हा जळालं त्याचा हिशेब मी आपल्याकडे मागतच नाही. चांदीसाठी रिळं धुणाऱ्याचाही नाही. कृष्णधवल फिल्मवरची प्रतिमा म्हणजे चांदीचेच कण. ती धुऊन, वितळवून चांदी काढायची आणि उरलेला सेल्युलॉइड बांगड्यावाल्याला द्यायचा, असा धंदा मुंबईत राजरोस चालायचा. ‘आलम आरा’ची उरलीसुरली रिळंही याच वाटेनं गेली, असं नॅशनल फिल्म आर्काइव्हचे पी. के. नायर सांगत. त्या धुणाऱ्याला निदान चांदी तरी मिळाली. आपल्याला काय मिळालं? कोपऱ्यातला शिक्का?

माझा प्रश्न उरलेल्याबद्दल आहे. ‘कुंकू’ उरला, ‘तुकाराम’ उरला, ‘माणूस’ उरला. राजा परांजप्यांचे चित्रपट उरले, ‘श्यामची आई’ उरली. पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक तिचं. पलीकडे ‘पथेर पांचाली’ची गोष्ट बघा. 1993 साली लंडनच्या प्रयोगशाळेतल्या आगीत अपूच्या तिन्ही चित्रपटांच्या निगेटिव्ह होरपळल्या. त्या करपलेल्या पट्ट्या कुणीतरी फेकून न देता ठेवल्या, इटलीत बोलोन्याच्या प्रयोगशाळेत माणसांनी त्या हातानं सांधल्या आणि 2015 साली तिन्ही चित्रपट पुन्हा पडद्यावर आले. ते आज माझ्या कपाटात आहेत, एकेका पानावरचा दवबिंदू मोजता येईल इतके स्वच्छ. जळालेला बंगाली चित्रपट मला घरपोच मिळतो आणि न जळालेला मराठी चित्रपट आपण मला झेरॉक्सची झेरॉक्स करून विकता. एवढं कर्तृत्व आगीलाही जमलं नाही.

जतन करायला सरकार लागतं, कोट्यवधी लागतात, हे उत्तरही आपल्याकडे तयार असेल. माझ्या घराजवळ, जर्नल स्क्वेअरलाच, लोज जर्सी नावाचं थिएटर आहे. 1929 साली उघडलं. महालासारखं, आत सोनेरी नक्षी, बाहेर मनोऱ्यावर ड्रॅगनशी लढणारा सेंट जॉर्ज. 1986 साली बंद पडलं आणि पाडून तिथे इमारत उठवायचं ठरलं. गावातली साधी माणसं सह्या गोळा करत नगरपालिकेच्या सभांना जाऊन बसली. 1993 मध्ये शहरानं ते विकत घेतलं. मग हीच माणसं शनिवारी-रविवारी झाडू, रंग आणि पाने घेऊन आली, खुर्च्या दुरुस्त केल्या, प्रोजेक्टर चालू केले आणि तिथे पुन्हा जुने चित्रपट लागायला लागले, तेही फिल्मवर. पगार कुणालाच नव्हता. आणि महोदय, त्या पडद्याच्या कोपऱ्यात कुणाचंही नाव नव्हतं.

नायरांचंही तेच. 1964 साली पुण्यात फिल्म आर्काइव्ह सुरू झालं. पुढे फाळक्यांच्या घरच्यांकडून आणि मिळेल तिथून तुकडे जमवत त्यांनी ‘कालिया मर्दन’ उभा केला. त्यात फाळक्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आहे. आज ती पाण्यात उडी घेताना आपल्याला दिसते, ती एका केरळी माणसाच्या हट्टामुळे. मराठी चित्रपटाच्या जिवावर जगलेल्या मराठी माणसांच्या खात्यावर तेवढंच काही शोधतेय, सापडलं की कळवीन.

आता थोडं कायद्याचं, कारण आपल्या पाकिटावर मागच्या बाजूला बारीक अक्षरात ‘सर्व हक्क राखीव’ असं लिहिलेलं असतं आणि नक्कल करणाऱ्यास तुरुंगाची धमकीही असते. भारतीय कायद्याप्रमाणे चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो. म्हणजे 1960 पर्यंतच्या सगळ्या चित्रपटांवरचा तो हक्क केव्हाच संपला. ‘कुंकू’, ‘तुकाराम’, ‘शेजारी’, ‘ब्रह्मचारी’, ‘श्यामची आई’, ‘सांगत्ये ऐका’, ‘जगाच्या पाठीवर’: भारतात चित्रपट म्हणून यातला एकही आता आपला नाही. शिक्का मारताय तो दुसऱ्याच्या दारावर. आपल्याकडे उरली आहे ती फक्त वस्तू: गोदामात, जिन्याखाली, कुणा चुलत्याच्या माळ्यावर पडलेली रिळं. हक्क संपला तरी रीळ हातात आहे तोवर मालकी आपलीच, अशी आपली समजूत दिसते. डबा गंजला की तीही संपेल.

म्हणून मागणी अशी. जी काही निगेटिव्ह, प्रिंट, ध्वनिपट्टी आपल्याकडे असेल, ती पुण्याला लॉ कॉलेज रस्त्यावर फिल्म आर्काइव्हकडे पोचवा. तिथे थंड, कोरड्या खोल्या आहेत, आपल्या जिन्याखाली नाहीत. मूळ चौकटीत, मूळ चालीवर, न कापलेली, सबटायटल्स असलेली एक एक प्रत निघू द्या. किंमत क्रायटेरियनइतकी ठेवा. मी कुरकूर करणार नाही, आणि इथली मराठी घरंही घेतील, कारण गणपतीत नाटकाची तिकिटं काढायला ती मागेपुढे पाहत नाहीत. पाकिटावर, बाहेरच्या बाजूला, आपलं नाव हवं तेवढं मोठं छापा.

कळावे, लोभ असावा, शिक्का नसावा.

आपली,
पैसे देऊन बसलेली एक ग्राहक

ता. क. ‘सामना’वरचा हक्क मात्र अजून शाबूत आहे, तो आपण खुशाल बजावा. तोवर दुसरी डिस्क पाठवून द्यावी. टपालखर्च मी भरीन.