मणक्यांवरचे घर, शेपटीचे तिकीट

न्यूझीलंडच्या कायकोरा गावाने देवमाशावर दोनदा संसार थाटला. १८४२मध्ये रॉबर्ट फायफने इथे शिकारीचे ठाणे उघडले. तिथले एक घर चक्क देवमाशाच्या मणक्यांवर उभे राहिले. आज तिथे संग्रहालय आहे.

मग १९८७मध्ये स्थानिक माओरी कुटुंबांनी घरे गहाण टाकून बोट घेतली, देवमासे दाखवणारी कंपनी काढली आणि त्याच देवमाशाला जिवंतपणी कामाला लावले.

पर्यटक महागडे तिकीट काढतो, बोट लागू नये म्हणून गोळी गिळतो. स्पर्म देवमासा दहाएक मिनिटे श्वास घेतो, शेपटी दाखवतो आणि पाऊण तास समुद्रातल्या खोल दरीत गडप होतो. थेट मंत्र्यांचा पाहणी दौराच! तेवढ्यातही निम्मी बोट मोबाइलमध्ये डोके खुपसून.

मंत्र्यांच्या दौऱ्याशी फरक इतकाच, की देवमासा दिसला नाही तर कंपनी ८० टक्के पैसे परत करते.