पुडीची पुढची बाजू

पुडीच्या पुढच्या बाजूला शेत असतं: डुलणारी ज्वारी, हसरा शेतकरी, ‘मल्टिग्रेन’चा ठसठशीत शिक्का. मागे, मुंगीलाही चष्मा लागेल अशा अक्षरांत, कारखाना असतो. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे, असा नियम. म्हणून आधी मैदा, मग साखर, मग पामतेल आणि नाचणी बिचारी शेवटून दुसरी. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा. इथे मीठ ‘सोडियम’ हे नाव घेऊन मिलिग्रॅममध्ये लपतं. अडीचने गुणलं की खरा आकडा बाहेर येतो. पण खाताना पाढे कोण म्हणणार? कागदी पुडीतल्या फुटाण्या-शेंगदाण्यांवर यातलं काहीच छापलेलं नसतं. त्यामुळे शिकल्यासवरल्या माणसाचा त्यांच्यावर विश्वासच बसत नाही.