तिकीट बंद, सर्व्हरही बंद

नागपुरातल्या एका कंपनीत (नाव सांगत नाही, वाचणाऱ्या प्रत्येकाला ती आपलीच वाटली पाहिजे) पूर्वी कॉम्प्युटर अडला की "ओ भाऊ, पाहा ना जी जरा" अशी हाक जायची. भाऊ यायचा, वायर हलवायचा, काम सुरू व्हायचं. पद्धत फारच मागासलेली. तिचा आलेख काढता येत नसे. म्हणून साहेबांनी आयटिल आणलं.

आयटिल म्हणजे ब्रिटिश सरकारच्या संगणक खात्याने १९८०च्या दशकाच्या अखेरीस लिहून काढलेली संगणकसेवेची पोथी. सरकारी कारभारातला गोंधळ आवरायला सरकारी खात्यानेच पुस्तकं लिहिली, इथेच आपल्याला घाम फुटतो. २०१९च्या चौथ्या आवृत्तीत ३४ कार्यपद्धती आहेत आणि सात मार्गदर्शक तत्त्वं. जिथे आहात तिथून सुरुवात करा, हे एक; सगळं सोपं आणि व्यवहार्य ठेवा, हे दुसरं. कंपनीने दोन्ही लिफ्टशेजारी फ्रेम करून लावली, भाऊची बदली गोदामात केली आणि ३४च्या ३४ कार्यपद्धती एकाच सोमवारी सुरू केल्या.

पोथीप्रमाणे 'इन्सिडेंट' वेगळा, 'प्रॉब्लेम' वेगळा. बंद पडलेलं चालू करणं हे पहिल्याचं काम. ते मुळात का बंद पडतं, हे शोधणं दुसऱ्याचं. मे महिन्यात सर्व्हर रोज दुपारी झोपायचा. रोज तिकीट, रोज रीस्टार्ट, रोज 'रिझॉल्व्ड'. मुदत चार तासांची, काम वीस मिनिटांत, अहवाल हिरवागार! मूळ कारण फक्त चपराशाला ठाऊक होतं. जेवण करून साहेबांनी केबिनचा एसी लावला की त्याच लाइनवरचा सर्व्हररूमचा एसी ट्रिप व्हायचा. पण प्रॉब्लेम नोंदवायला लॉगिन लागतं, आणि चपराशाला कोण देतो? "मी तं सांगूनच राहिलो ना जी," तो म्हणाला. सांगून काय होते, बाप्पा? तिकीट टाकावं लागते.

मुदत हुकणार असं दिसलं, की तिकीट 'ग्राहकाच्या उत्तराच्या प्रतीक्षेत' जातं. तिथे घड्याळच थांबतं. अशा अहवालाला या धंद्यातले लोकच टरबूज म्हणतात: वरून हिरवं, आतून लाल.

तहसील कचेरीला नावं ठेवायची आपली जुनी हौस. पण २०१५च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवांना मुदत घालून दिली. ती चुकली तर दोन अपिलं, वर आयोग, आणि सबळ कारण नसताना कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड. कंपनीत मुदत चुकली तर मीटिंग होते. चहा, समोसे कंपनीकडून.

साहेब, पोथी चांगली आहे हो. फक्त त्या एसीची लाइन वेगळी करून घ्या, आणि चपराशाला एक लॉगिन द्या.