काळी तीन

आमच्या शाळेच्या पेटीची काळी तीन वाजत नव्हती. मधल्या सप्तकातली. दाबली की नुसता वारा यायचा, दमेकरी म्हाताऱ्याने ओट्यावर बसताना उसासा टाकावा तसा. बाकी पेटी धडधाकट होती असंही नाही. स्टोअर रूममध्ये खिचडीच्या तांदळाच्या कट्ट्यांशेजारी तिचा मुक्काम, त्यामुळे तांदूळ खाऊन कंटाळलेले उंदीर तोंडाला चव म्हणून भाता कुरतडत. त्यावर सरांनी सायकलच्या ट्यूबची ठिगळं लावली होती. पण काळी तीनचं दुखणं ठिगळाचं नव्हतं. प्रत्येक पट्टीखाली पितळेची एक पातळ जीभ असते, ती थरथरली की सूर निघतो. ही जीभच मोडलेली होती.

सर शिकवायचे भूगोल. संगीत शिक्षकाची जागा आमच्या शाळेला कधी मिळाली नाही, आणि मिळेल असं सर सोडून कुणाला वाटतही नव्हतं. पण छोट्या शाळेत एक माणूस असा असतोच, ज्याचा तास वेळापत्रकात एका विषयाचा आणि जीव दुसऱ्याच विषयात. स्टोअर रूमच्या दाराच्या एका फळीवर सरांनी स्वतःच्या हाताने ऑइलपेंटने ‘सांस्कृतिक विभाग’ असं लिहिलं होतं. दुसऱ्या फळीवर ‘पोषण आहार’ होतं. दोन्ही फळ्या एकाच कडीने बंद व्हायच्या. भूगोलाच्या तासाला मान्सूनचे वारे केरळात पोचेपर्यंत सर शिक्षक असत. कोकणात आले की टेबलावर बोटं वाजायला लागत. घाटमाथा चढून वारे आमच्या कन्नड तालुक्यात कधीच पोचले नाहीत. खरा पाऊसही पुष्कळदा तेच करतो, म्हणून कुणी तक्रार केली नाही.

सरांना एकच सूर वाजवता यायचा, काळी एक. तिथे सा धरला की काळी तीन म्हणजे शुद्ध मध्यम. सूर बदलून पाहायचा, तर तीच पट्टी गंधार नाहीतर आणखी कुठल्या स्वराचं नाव घेऊन आडवी यायची. घर बदललं म्हणून सासू बदलत नाही. दुरुस्तीसाठी पेटी शहरात न्यायची म्हणजे एस. टी.त तिचं तिकीट आणि गुलमंडीपर्यंत रिक्षा, वर दुरुस्तीवाल्याची मजुरी. आणि शाळेच्या खर्चाच्या वहीत ‘मध्यम’ या नावाचा रकाना नव्हता. मग सरांनी शास्त्राचा आधार घेतला. भूप रागात मध्यमही नाही आणि निषादही नाही. त्या दिवसापासून आमच्या शाळेचा राग भूप ठरला. प्रार्थना भूपात, समूहगीत भूपात, स्वागतगीत भूपात, निरोपगीतही भूपात. या शेवटच्या दोन्ही गीतांची चाल एकच, फक्त शब्द वेगळे. त्यामुळे काही पाहुणे हार घालून घेतल्या घेतल्या उठून चपला शोधायला लागत.

काही गाणी भूपात शिरायला तयार नसत. तिथे सरांनी तोडगा काढला होता. मध्यम आला की आवंढा गिळायचा. सगळ्यांनी एकदम. ‘विश्राम’ असं ते त्याला म्हणत. आठवी ते दहावी असा तीन वर्षं आवंढा गिळल्यावर ती सवय जन्माची लागते. आजही कुठल्या गणपतीच्या आरतीत एखादा माणूस ऐन रंगात आला असताना क्षणभर गपकन थांबून पुन्हा सुरू झाला, तर मी जाऊन विचारतो, ‘कोणत्या बॅचचे?’ फक्त राष्ट्रगीताला पेटी नसायची. तिथे मध्यम टाळता येत नाही हे सरांना ठाऊक होतं. ते समोर उभे राहून डोळे घड्याळावर लावायचे. 52 सेकंद म्हणजे 52 सेकंद.

पण सरांचं खरं राज्य डिसेंबरात. गॅदरिंग. (निमंत्रणपत्रिकेवर ‘वार्षिक स्नेहसंमेलन’, बोलताना सगळ्यांचं ‘ग्यादरिंग’.) दरवर्षी नाटक एकच असायचं, संत बहिणाबाई. त्याला कारण होतं. तुकोबांची ही शिष्या 1628 साली आमच्या देवगावात जन्मली आणि 1700 साली शिऊरला तिने देह ठेवला, हे सर भूगोलाच्या पेपरातसुद्धा विचारत. ‘मुंबईच्या लोकांकडे समुद्र आहे, आपल्याकडे बहिणाबाई आहे,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

दुसरं कारण व्यवहाराचं. बहिणाबाईंनी आपल्या अभंगांत स्वतःचं चरित्र सांगितलं आहे आणि शेवटी मुलाला आपले मागचे बारा जन्मही सांगितले आहेत. दुसऱ्या कुठल्या नाटककाराला ही अडचण वाटली असती. सरांना त्यात पात्रयोजना दिसली. बारा जन्म! एकेका जन्माला एक बहिणाबाई, तिची आई, बाप, शेजारी, झाडं. शाळेत एकही मूल बिनभूमिकेचं राहत नसे. ज्याला बोलता येत नाही तो झाड, ज्याला उभं राहता येत नाही तो डोंगर. कापूस वेचणीचे दिवस असल्यामुळे सकाळी तालमीला आलेली बहिणाबाई दुपारी कुणाच्या तरी रानात गेलेली असायची. मग सातव्या जन्मातली पाचव्या जन्मात लावायची. सर म्हणत, ‘आत्मा तोच आहे ना? मग झालं.’

मी वासरू होतो. बहिणाबाईंच्या चरित्रात एक वासरू आहे. कोल्हापूरच्या मुक्कामात ते त्यांच्या मागे मागे कीर्तनालासुद्धा जायचं, आणि त्यावरून नवऱ्याने त्यांना मारलं. आमचं वासरू दोन बारदाने शिवून केलेलं. पुढचे पाय हेडमास्तरांच्या पुतण्याचे, मागचे माझे. दोन वर्षं मी मागचे पाय केले. आत अंधार, कांद्याचा वास आणि समोर दुसऱ्याची कंबर. त्यातही सर बाहेरून ओरडायचे, ‘मागचे पाय! कीर्तन चाललंय! चेहऱ्यावर भक्ती पाहिजे!’

एकदा मी पोत्यातून म्हणालो, ‘सर, चेहरा दिसतच नाही.’

सर आले, वाकले, आणि शिवणीतल्या भोकाला तोंड लावून हळूच म्हणाले, ‘पोरा, पायात उतरतो रे तो.’

मी पुढे दोन-चार नाट्य शिबिरं केली, अभिनयावर मोठमोठी भाषणं ऐकली. पोत्याच्या भोकातून आलं त्याच्यापलीकडचं फारसं काही हाती लागलं नाही.

प्रयोगाच्या रात्री गाव लोटायचं. बायका डाव्या हाताला, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या मागे, मंडपवाल्याचा माइक अधूनमधून शिट्टी मारणार. आणि बक्षिसं. नाटक कितीही रंगलं तरी बक्षीस थांबत नसे. नवरा बहिणाबाईंवर काठी उगारतोय, मांडवात सन्नाटा, एक म्हातारी पदर डोळ्याला लावतेय, आणि माइकवरून आवाज: ‘नवऱ्याचं काम करणाऱ्या विद्यार्थ्याला त्याच्या मामांकडून एक्कावन्न रुपये!’ नवरा काठी काखेत मारून नोट घ्यायला येई, नमस्कार करी, परत जाऊन काठी उगारी. पुन्हा सन्नाटा. म्हातारीचा पदर पुन्हा डोळ्याला. शहरातल्या प्रेक्षकांना हे जमणार नाही. त्यांचं रडू एकदा तुटलं की तुटलं.

एका वर्षी प्रमुख पाहुणे भाषणाला उभे राहिले आणि बहिणाबाईंच्या चुलीबद्दल, सुगरणीच्या खोप्याबद्दल, खानदेशच्या मातीबद्दल भरभरून बोलू लागले. लोक टाळ्या देत होते. सर विंगेत, एका हातात डोंगराचा खिळा, दुसऱ्या हातात हातोडी. दोन मिनिटं त्यांनी धीर धरला. मग पडद्याच्या फटीतून फक्त मुंडकं बाहेर आलं आणि वर्गातल्या आवाजात म्हणालं, ‘त्या चौधरी! असोद्याच्या! जन्म 1880! आपल्या बाई त्यांच्यापेक्षा अडीचशे वर्षांनी मोठ्या आहेत!’ मुंडकं आत गेलं. पाहुण्यांनी पाणी मागितलं. पुढच्या वर्षी सरांची वेतनवाढ कुठेतरी अडकली असं गावात बोलत. सरांना विचारलं तर म्हणत, ‘मध्यम असेल. आवंढा गिळायचा.’

2023 साली ‘जय जय महाराष्ट्र माझा’ राज्यगीत झालं आणि शाळाशाळांत रोज म्हणायचं ठरलं. श्रीनिवास खळ्यांची चाल, शाहीर साबळ्यांचा आवाज. ते भूपात कोंबायचं धाडस सरांनाही झालं नाही. त्यांचं निवृत्तीचं वय जवळ आलं होतं. आम्ही जुन्या पोरांनी वर्गणी काढली, पेटी गाडीत घालून संभाजीनगरला नेली, नवी जीभ बसवली, नवा भाता लावला, पॉलिश केलं. उंदरांची जागा सोडून कपाटात ठेवली.

गॅदरिंगला मी मुद्दाम गेलो. पडद्यामागे उभा राहिलो. नांदी सुरू झाली. सरांचा डावा हात भात्यावर, डोळे मिटलेले, मान तीच, भूप तोच. पुढे अभंगात ती जागा आली. साठ-सत्तर पोरांनी एकदम आवंढा गिळला. सरांचं बोटही उडी मारून पलीकडे उतरलं, जसं ओढ्यातला कायमचा दगड माहीत असलेला माणूस अंधारात उतरतो.

नाटक संपल्यावर सर बाहेर मंडपवाल्याशी हिशोब करत होते. पेटी उघडीच होती. सरांच्या बोटांना आयुष्यभराचा खडू. गाताना तो पट्ट्यांवर उतरायचा. वाकून पाहिलं तर नव्या पॉलिशवर सगळ्या काळ्या पट्ट्या करड्या झालेल्या, आणि मधोमध एकच, काळी तीन, तवा घासून ठेवावा तशी कुळकुळीत.

मी भाता ओढला आणि ती दाबली. मध्यम असा गोल, भरलेला निघाला की अंगावर काटा आला.

बाहेरून सरांचा आवाज आला, ‘कोण बेसूर वाजवतंय रे तिथे?’