स्वावलंबी अण्णा

डोंबिवलीतल्या कुठल्याही सोसायटीत एक अण्णा असतात, ज्यांना मुलाकडून काहीही नको असतं. "आम्ही कुणावर अवलंबून नाही," असं ते गेटजवळच्या कट्ट्यावर सांगतात आणि सांगता सांगताच फोन लावतात, "अरे, ओटीपी आलाय. त्याचं काय करायचं?"

अण्णा ए विंगमध्ये, मुलगा बी विंगमध्ये. आमटी निवायच्या आत पोचते आणि आमटीवरून भांडण होत नाही, इतकं अंतर. सासू-सुनेने एकमताने मंजूर केलेला हा एकमेव ठराव.

नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला लागतो. हल्ली तो मोबाइलला चेहरा दाखवूनही मिळतो. फक्त ॲप सांगेल तेव्हा पापणी मिटायची. आयुष्यभर साहेबापुढे पापणी न हलवलेले अण्णा ॲपपुढे काय हलवणार? मग मुलगा अर्धी रजा टाकून बाप जिवंत असल्याचं सरकारला पटवतो. कट्ट्यावर आवृत्ती वेगळी: "चिरंजीवांना ॲप शिकवलं."

चिरंजीवही कमी नाहीत. नातीला स्कूलबसवरून आणणं, सिलिंडरवाला, कुरिअर, 'येतो' म्हणून न येणारा प्लंबर, हे सगळं अण्णांकडे. मित्रांना मात्र सांगायचं, "बाबांचा वेळ जातो." शिवाय जादा अर्धा टक्का व्याजासाठी मुलाच्या बोनसची एफडी अण्णांच्या नावावर. वडील साठीपार गेल्याचा इतका निर्मळ आनंद दुसऱ्या कशात नसावा.

२००७च्या कायद्याने सज्ञान मुलांकडून आईवडिलांना निर्वाहभत्ता मागता येतो. त्याचं कात्रण अण्णांनी मुलाच्याच फ्रिजवर चिकटवलंय. वर चुंबक आहे तो नातीच्या क्लासचा; त्या क्लासची फी अण्णाच भरतात.

पंचाहत्तरी झाल्यामुळे त्यांना एसटी फुकट. ऑगस्ट २०२२मध्ये ही सवलत आली तेव्हापासून गावच्या घराची कौलं दर महिन्याला तपासावी लागतात. मे महिन्यात मात्र येताना आंब्याची पेटी असते आणि ती उचलायला मुलाला पहाटे पाचला स्टँडवर बोलावलं जातं. तो जांभया देत गाडी घेऊन येतो. गाडीचं डाउनपेमेंट अण्णांचं, पेट्रोल त्याचं. या हिशेबावर दोघं पत्रीपुलापर्यंत वाद घालतात.

घरी पेटी फुटते. दोन डझन बी विंगला, चार आंबे ए विंगला. "मला साखर आहे," अण्णा म्हणतात. साखरेचा रिपोर्ट गेल्याच आठवड्यात मुलाने आणलेला असतो. नॉर्मल.