हीटरवाले काका

बोरीवलीकर बारापैकी दहा महिने घाम पुसत असतो. अशा गावात मुद्दाम हीटर बनवत बसणारा एक गृहस्थ आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. हा हीटर बादलीत सोडायचा नव्हे. काकांचा हीटर करंगळीच्या नखाएवढा असतो आणि तो छापलेला असतो.

काकांनी वझिरा नाक्याजवळच्या गाळ्यात जन्मभर स्क्रीन प्रिंटिंगवर लग्नपत्रिका छापल्या. पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर गेल्या, गाळाही गेला. फ्रेमा, जाळ्या आणि स्क्विजी तेवढ्या घरी आल्या. मग तिसऱ्या मजल्यावरचा इंजिनियरिंगचा मुलगा चांदीची शाई आणि एका नागमोडी रेघेचं चित्र घेऊन आला. ‘काका, प्रोजेक्टसाठी एवढं छापून द्या ना.’ मुलगा पास झाला, पुण्याला नोकरीला लागला, त्याचं लग्नही झालं. काका अजून त्याच रेघेवर आहेत.

तेव्हापासून पेपर आला की ते आधी चांदीचा भाव बघतात, आणि काकूंनी देवाचं ताम्हन कपाटात कुलपात ठेवलं आहे.

रेघेतून वीज सोडली की रेघ तापते, एवढंच हे शास्त्र. रेघेचा रोध मात्र चौकोनांत मोजतात. ०.२ मिलिमीटर रुंद आणि ६० मिलिमीटर लांब रेघ म्हणजे ३०० चौकोन. शाईचा थर सारखा असेल तर चौकोन लहान असो की मोठा, त्याचा रोध तेवढाच. हे कळल्यापासून काका जिन्यातल्या लाद्यासुद्धा मोजत चढतात. वळणावरचा चौकोन जेमतेम अर्धा धरायचा. ‘वीज रिक्षावाल्यासारखी असते हो, वळणावर आतूनच घुसते. मग आतला कोपरा जळतो.’ म्हणून काकांच्या रेघेला एकही टोकदार कोपरा नाही.

त्यांच्याबरोबर किराणा आणायला मात्र जाऊ नये. काउंटरवर बिल निघालं की ते कागद उजेडात धरतात. ‘यात शाई नाही बरं का! आत एका रांगेत बारीक हीटर आहेत, मिलिमीटरला आठ. जो तापला, तिथे कागद काळा.’ मागे रांग वाढत असते. काउंटरवरची मुलगी विचारते, ‘काका, पिशवी पाहिजे का?’ काका आता आरटी-पीसीआरवर आलेले असतात: नमुना आधी ९५ अंशांवर, मग खाली साठाच्या आसपास, मग ७२ वर, आणि पुन्हा पहिल्यापासून. हीटर जेवढा लहान तेवढा तो झटकन तापतो आणि झटकन निवतो, हे रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत पोहोचल्याशिवाय ते पाकीट काढत नाहीत.

पवईला आयआयटीत असल्या कामासाठी स्वच्छ खोल्या आहेत, डोक्यापासून पायापर्यंत झगा घालून आत जायचं. काकांची स्वच्छ खोली म्हणजे गॅलरी. छपाई चालू असताना घरात झाडू मारायचा नाही, पंखा लावायचा नाही, फोडणी द्यायची नाही. पहिल्या खेपेला त्यांनी साध्या प्लॅस्टिकवर छापून ते काकूंच्या ओव्हनमध्ये १३० अंशांवर सुकवलं. प्लॅस्टिकची गुंडाळी झाली, आणि त्या ओव्हनमध्ये पुन्हा नानकटाई करायला काकूंनी साफ नकार दिला. ओव्हन काकांचा झाला. आता ते हळदीच्या रंगाची पॉलिइमाइडची फिल्म वापरतात, ती उष्णतेला दाद देत नाही.

तापमान बघण्याची त्यांची मूळ पद्धत म्हणजे हीटरवर तुपाचा कण ठेवायचा आणि भिंगातून बघत बसायचं. मला त्यांनी ती मे महिन्यात दाखवली. कण ठेवला, भिंग लावलं, तूप वितळलं. ‘बघा!’ काका म्हणाले. वायर अजून जोडायची होती. त्यानंतर ते मेणावर गेले.

खरी अडचण वेगळीच. सारख्या अंतरावर रेघा काढल्या तर हीटर मध्ये जास्त तापतो आणि कडेला कमी, कारण कडेची उष्णता बाहेर निघून जाते. म्हणून काका कडेच्या रेघा दाट करतात. मग कडा जास्त तापतात. मग थोड्या विरळ करतात. गेली कित्येक वर्षं त्यांचं घर या थोड्यावर चाललं आहे. हा हीटर तापवणार काय, असं विचारलं की त्यांना राग येतो.

मध्यंतरी अंधेरीहून एक मुलगा आला. वायू ओळखायचं छोटं यंत्र बनवतोय म्हणाला, पन्नास हीटर हवे होते. काकांनी त्याचं यंत्र उलटसुलट करून पाहिलं, आतलं सोल्डरिंग पाहिलं आणि शांतपणे परत दिलं. ‘माल अजून तयार नाही. कडेला दोन अंश कमी पडतात.’

‘काका, मला दहा अंशही चालतील!’

‘तुम्हाला चालतील हो.’

मुलगा चपला घालत असताना काकू बाहेर आल्या. नापास मालाचा श्रीखंडाचा डबा त्यांनी त्याच्या पिशवीत टाकला आणि ‘मोजून घे रे’ म्हणून दार लोटलं.

ते सगळे हीटर चालले. मुलगा दर दोन महिन्यांनी फोन करतो, डबा भरला का विचारतो, आणि पैसे काकूंच्या जीपेवर येतात. काकांना अजून कुणी काही बोललेलं नाही. नापास माल इतक्या लवकर संपतो कसा, हे त्यांनी एकदा काकूंना विचारलं होतं. काकू म्हणाल्या, ‘भंगारवाला नेतो. चांगला भाव देतो हो.’