युरोपात सहा महिने

ज्या कोणा अनामिक पक्षकाराने मामलेदार कचेरीच्या ओट्यावर खोळंबून बसल्या बसल्या ‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ हे वचन प्रथम उच्चारले असेल, त्याच्या द्रष्टेपणाची कदर त्याच्या स्वतःच्या मुलखात कधी झाली नाही. ती आता ब्रुसेल्स येथील युरोपीय संघाच्या धुरीणांनी रीतसर कायदा करून केली आहे. परदेशी प्रवाशांचे चेहरे व बोटांचे ठसे टिपून ठेवणारी ‘एन्ट्री-एक्झिट सिस्टिम’ नामक जी नवी व्यवस्था एकोणतीस देशांच्या सीमांवर बसविण्याचे ठरले, तिचा अंमल टप्प्याटप्प्याने करण्यासाठी त्यांनी मुक्रर केलेली मुदत 12 ऑक्टोबर 2025 रोजी सुरू होऊन 10 एप्रिल 2026 रोजी पुरी होते, म्हणजे ती बरोबर 180 दिवसांची आहे. पाच महिने नव्हेत, सात नव्हेत, सहाच.

अर्थात हे सहा महिने निव्वळ अंमलबजावणीचे. मूळ कायदा 30 नोव्हेंबर 2017 चा, आणि त्यानंतर तारखांमागून तारखा पडत गेल्या. 10 नोव्हेंबर 2024 ही तारीख तर जवळजवळ पक्की झाली होती; पण फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्स या तीन मातब्बरांनी आपली यंत्रणा अद्याप सिद्ध नसल्याचे कळविले आणि मुहूर्त पुन्हा हुकला. अखेर मुहूर्त लागला तेव्हा सावधगिरी अशी बाळगली गेली की पहिल्या महिन्यात शंभरातील दहा प्रवाशांची नोंद झाली तरी पुरे, नव्वद दिवसांनी पस्तिसांची व्हावी, आणि पहिले साठ दिवस तर ठसे न घेताही काम चालविण्याची मुभा असावी. ठशांच्या योजनेचा शुभारंभ ठशांवाचून करण्याची ही कल्पना ज्या मेंदूतून निघाली, त्याचा धनी पूर्वजन्मी आपल्याकडे शिरस्तेदार असला पाहिजे, अशी माझी खात्री आहे. शिवाय पासपोर्टावरील ज्या शिक्क्यांना रजा देण्यासाठी हा सारा खटाटोप, ते शिक्केही या सहा महिन्यांत चालूच राहायचे होते. तेव्हा प्रवाशाने आधी यंत्रापुढे चेहरा धरावा आणि मग अंमलदाराने त्याच्या पासपोर्टावर शिक्काही मारावा, असा दुहेरी बंदोबस्त झाला.

योजनेमागील हेतू वाईट आहे असे कोणी म्हणणार नाही. परक्या पाहुण्याने कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसच युरोपात राहावे, हा नियम जुनाच. परंतु त्याचा हिशेब करणारा अंमलदार पासपोर्टाची पाने उलटून पुसट, तिरप्या, एकावर एक बसलेल्या शिक्क्यांतून तारखा हुडकीत असे, आणि मागे रांग वाढत असे. आता उजव्या हाताची चार बोटे काचेवर ठेवावीत, कॅमेऱ्याकडे पाहावे, आणि हिशेब यंत्राने करावा. बारा वर्षांखालील मुलांची बोटे सोडून दिली आहेत. चेहरा त्यांचाही घेतात. रांग मात्र निष्ठेने पूर्वीच्याच जागी राहिली, किंबहुना काही ठिकाणी वाढली. लिस्बनच्या विमानतळावर ती इतकी लांबली की 2025 च्या अखेरीस पोर्तुगाल सरकारने तेथील नोंदणी तीन महिन्यांकरिता तहकूब केली. आणि मुदत सरल्यावरही गर्दी आवरेनाशी झाल्यास आणखी 90 दिवस, गरज पडल्यास त्यापुढे 60 दिवस, काम अंशतः स्थगित ठेवण्याची सोय कायद्यातच आहे. मुदतवाढीची तरतूद मूळ हुकमातच करून ठेवणे हे पोक्त कारभाराचे लक्षण होय.

सहा महिन्यांप्रमाणे बोटांचे ठसेही आपल्याच कचेऱ्यांतून तिकडे गेले, ही गोष्ट मात्र युरोपात फारशी कोणाच्या ध्यानी नसावी. 1858 साली बंगालमध्ये जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अंमलदाराने रस्त्याच्या मालाचा करार करताना राज्यधर कोनाई नामक कंत्राटदाराचा पंजा शाईत बुडवून कागदावर उमटवून घेतला; पुढे हा गृहस्थ आपली सही नाकारील, ही धास्ती. 1897 साली कलकत्त्यास ठशांचे दफ्तर उघडले. वर्गीकरणाची किचकट रीत बसविण्यात अझीझुल हक व हेमचंद्र बोस या देशी नोकरांनी डोके झिजविले, आणि नाव लागले ते एडवर्ड हेन्री या वरिष्ठ साहेबांचे. 1901 साली ही विद्या स्कॉटलंड यार्डात पोहोचली. तिथे ती गुन्हेगारांसाठी होती.

आता पाहा दैवगती. आपल्या सीमांचा ताबा आपल्याच हाती असावा म्हणून ज्या ब्रिटिश मतदारांनी 2016 साली युरोपीय संघास रामराम ठोकला, ते संघाच्या लेखी त्रयस्थ देशाचे नागरिक ठरले. आणि डोव्हरच्या बंदरात, म्हणजे खुद्द इंग्लंडच्या भूमीवर, चौकीवर बसलेला फ्रेंच पोलीस त्यांना बोटे पुढे करावयास सांगतो. उलट 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेला, किंवा अशाचा मुलगा वा नातू असलेला सासष्टीचा एखादा गृहस्थ पोर्तुगीज नागरिकत्वाची नोंद करून बसला असेल, तर तो लिस्बनला उतरून युरोपीयांच्या दारातून सरळ आत जातो, आणि शेजारच्या रांगेत तिष्ठणाऱ्या इंग्रजाकडे पाहून, सभ्य असल्यास, हसत नाही.

उरलेल्या आपणा भारतीयांची स्थिती इंग्रजांहून पुढारलेली आहे. 1906 साली ट्रान्सवालच्या सरकारने तेथील हिंदी लोकांकडे बोटांचे ठसे मागितले, तेव्हा त्यातून सत्याग्रह उभा राहिला. आज व्हिसाच्या अर्जासोबत आपण दहाही बोटे देतो, वर 90 युरो भरतो, आणि स्वित्झर्लंडच्या बर्फात काढावयाच्या छायाचित्रांची चर्चा करीत घरी येतो. ते ठसे व्हिसाच्या दफ्तरी आधीच जमा असल्याने सीमेवरील नव्या वहीत आपला फक्त चेहरा चढतो. इंग्रज चार बोटांवरून वर्तमानपत्रांस खरमरीत पत्रे धाडीत असताना आपण दहा देऊन मोकळे झालेलो असतो.

युरोपास जाणाऱ्या वाचकांनी एक गोष्ट तेवढी ध्यानात धरावी. ही नोंद तीन वर्षे राहते. परंतु परत निघताना बाहेर पडल्याची नोंद झाली नाही, तर ती पाच वर्षे राहते आणि यंत्राच्या मते आपण दादरला चहा पीत असतानाही युरोपातच दडून बसलेले असतो. त्या वेळी आपण खरोखरच परतलो होतो हे शाबीत करण्याचा बोजा आपल्यावरच येतो, आणि शाबितीस उपयोगी पडतात ती तिकिटे व बोर्डिंग पास. तेव्हा शिक्क्यांचा कागदी कारभार संपला म्हणून हुरळून न जाता परतीचा प्रत्येक कागद जपून ठेवा.